घरातली बालवाडी – भाग ६ : चार चमचे आण बरं!

गेल्या आठवड्यात गोष्टी सांगण्याविषयी बोललो. आता आकड्यांकडे वळू. नर्सरीत जाणाऱ्या मुलाकडून पाहुण्यांसमोर एक ते वीस म्हणवून घ्यायची हौस बहुतेक घरांत असते, आणि मूल ते घडाघडा म्हणतंही. त्याच मुलाला ‘चार चमचे आणून दे’ म्हणून बघा. तीन-सव्वातीन वर्षांची पुष्कळ मुलं मूठभर चमचे घेऊन येतात. मूल ऐकत नाही किंवा मंद आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. एक ते वीस हे त्याला बडबडगीतासारखं पाठ आहे, एवढंच.

मोजता येणं म्हणजे काय, हे रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली फार नेमकेपणाने मांडलं. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा. आकड्यांचा क्रम मोडायचा नाही. आणि शेवटी उच्चारलेला आकडा हेच ‘किती?’चं उत्तर, हे कळायला हवं. ही तिसरी गोष्टच सगळ्यांत उशिरा उमजते. मुलासमोर पाच लिंबं ठेवा. बोट लावत ते बिनचूक पाचपर्यंत मोजेल. मग विचारा, ‘किती आहेत?’ तर ते पुन्हा एकपासून सुरू करतं! त्याच्या लेखी ‘किती’ म्हणजे ‘मोजून दाखव’.

मुलाला आधी ‘एक’ खऱ्या अर्थाने कळतो. काही महिन्यांनी ‘दोन’, पुन्हा काही महिन्यांनी ‘तीन’. तिथवर पोचलं की मोजण्यामागची युक्ती त्याच्या लक्षात येते आणि पुढचे आकडे भराभर जमू लागतात. तीन ते चार या वयातला बराच काळ पहिल्या तीन-चार आकड्यांतच जातो, आणि तो जाऊ द्यावा. या वयात शंभरपर्यंत पाठांतर करून घेण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही.

मग घरी काय करायचं? जेवणाची पानं मुलाकडून मांडून घ्या. माणशी एक ताट, ताटात एक वाटी, वाटीशी एक चमचा. आकडा उच्चारायचीही गरज नाही. ‘अगंबाई, आजीच्या ताटात वाटीच नाही!’ हे त्याचं त्याला दिसलं की जोडी लावण्याची समज येते, आणि मोजणी उभी राहते ती तिच्यावरच. मटार सोलायला त्याला सोबत घ्या. शेंग उघडली की ‘किती दाणे?’ विचारा. दोन-तीन दाणे नुसत्या नजरेने कळतात. जास्त असले की बोट लावावं लागतं. हा फरक मुलाला स्वतःला जाणवू द्या. आपण बोलताना आधी एकूण आकडा सांगावा, मग मोजून दाखवावं: ‘ही तीन लिंबं. एक, दोन, तीन. तीन लिंबं.’

सापशिडी चांगलीच, पण शंभर घरं आणि दर ओळीला उलटी फिरणारी दिशा या वयाला झेपत नाही. त्यापेक्षा फरशीवर खडूने सरळ रेषेत दहा घरं आखा, त्यांत आकडे लिहा आणि फासा टाकून मुलालाच सोंगटी होऊ द्या. ज्या घरात उभं आहे तेच घर ‘एक’ म्हणून मोजायची चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं. रागावू नका, आपली पाळी आली की पाऊल पुढे टाकतानाच मोठ्याने ‘एक’ म्हणा.

यासाठी दुकानातले महागडे खोके आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आजच्या अंगणवाडीची कल्पना तिथली. त्यांच्या या कामापुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

एक गंमत आवर्जून करून बघा. पाच-पाच नाण्यांच्या दोन सारख्या रांगा लावा. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एक रांग लांबवा. चार वर्षांचं मूल ठामपणे सांगेल की लांब रांगेत नाणी जास्त आहेत. ज्याँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. इथे समजावत बसू नका; ते मूल दिसतं तेच सांगतंय, आणि ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमाराला येते.

चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, नाणी खेळायला देताना मात्र शेजारी बसूनच राहा. मुलं ते नाकात-कानात घालतात, आणि दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. घरात रांगतं भावंड असेल तर छोट्या वस्तू काढूच नका. लिंबं, बटाटे, वाट्या घ्या आणि खेळ झाल्यावर टोपलीत मोजून परत ठेवायचं काम मुलालाच द्या.