फळमाशीचे रक्त आणि जनुकांचा अंकुश

पिकलेल्या केळ्यांभोवती घोटाळणारी फळमाशी घरात कोणाच्या खिजगणतीत नसते. प्रयोगशाळेत मात्र तिला मोठा मान आहे. १९१० साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी आढळली, आणि जनुके गुणसूत्रांवर वसतात या मताला भक्कम आधार मिळाला. आज त्याच माशीचे रक्त मानवी रक्तविकारांवर प्रकाश टाकीत आहे.

हे रक्त तांबडे नसते. माशीच्या शरीरात प्राणवायू सूक्ष्म नलिकांतून थेट पोचतो. तो वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशींची तिला गरज नाही. तिच्या रक्तपेशी म्हणजे मुख्यतः संरक्षक सेनाच. अळीच्या अवस्थेत त्यांतील शेकडा सुमारे ९५ पेशी भक्षक असतात. त्या जंतू व मृत पेशी गिळतात. उरलेल्या बहुतेक स्फटिक-पेशी. जखमेवर काळी खपली धरते ती त्यांच्यामुळे. पसरट पेशी एरव्ही क्वचितच दिसतात. परंतु परोपजीवी गांधीलमाशीने अळीच्या अंगात अंडे घातले, की त्या झपाट्याने तयार होऊन अंड्याला वेढा घालतात.

एकाच मूळ पेशीपासून हे निरनिराळे प्रकार निपजतात कसे? ‘सर्पंट’ हे जनुक पेशीला रक्ताच्या कुळात आणते; पुढे ‘लॉझेंज’ कार्यरत झाले, तर तीच पेशी स्फटिक-पेशी बनते. मात्र साऱ्याच मूळ पेशी एकदम परिपक्व होत नाहीत. अळीच्या एका ग्रंथीत त्यांतील काही राखीव असतात, आणि शेजारच्या पेशींकडून येणारे रासायनिक संदेश त्यांना थोपवून धरतात.

हा तोल फार नाजूक आहे. ‘हॉपस्कॉच’ जनुकात विशिष्ट बिघाड झाला, तर वाढीचा संदेश थांबतच नाही. रक्तपेशी बेसुमार वाढतात आणि अंगात काळ्या गाठी धरतात. याच कुळातील ‘जॅक-२’ जनुक मनुष्यात आहे. तांबड्या पेशी अतोनात वाढविणाऱ्या पॉलिसायथीमिया व्हेरा या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत त्या जनुकातील एकच विशिष्ट बदल २००५ साली आढळून आला. ‘लॉझेंज’चे मानवी भावंड ‘रंक्स-१’ हेही बिघडल्यास काही प्रकारच्या रक्तकर्करोगास हातभार लावते.

माणसाच्या रक्तात जो बिघाड वर्षानुवर्षे लपून राहतो, त्याच जातीचा बिघाड माशीत थोड्या दिवसांत दृष्टीस पडतो. कारण अंड्यापासून माशी होण्यास तिला अवघे दहा दिवस लागतात.