पराभूतांच्या विधवांचे पेन्शन

जे राज्य जेमतेम चार वर्षे टिकले, ज्याचे चलन त्याच्या अंतापूर्वीच कवडीमोल झाले आणि विजेत्यांच्या कायद्यात ज्याचे नाव केवळ बंडखोरीच्या सदराखाली उरले, त्या राज्यासाठी मेलेल्या शिपायाच्या विधवेला पोसण्याची जबाबदारी कोणाची, असा एक चमत्कारिक प्रश्न १८६५ नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात उभा राहिला. गुलामगिरीची संस्था राखण्यासाठी अकरा राज्ये संघराज्यातून फुटली, त्यांनी कॉन्फेडरसी या नावाने आपला सवतासुभा मांडला, आणि त्यातून पेटलेल्या यादवी युद्धात त्यांच्या बाजूचे अडीच लाखांहून अधिक सैनिक रणात, इस्पितळांत आणि शत्रूच्या बंदिखान्यांत मृत्यू पावले. त्यांच्यामागे ज्या स्त्रिया राहिल्या त्यांतल्या पुष्कळ जणींच्या घरी युद्धापूर्वीही एकही गुलाम नव्हता; थोडी जमीन, एखादे खेचर आणि नवऱ्याचे दोन हात एवढेच त्यांचे भांडवल होते, आणि युद्धाने त्यातील मुख्य भागच काढून घेतला.

युद्ध चालू असताना मृत शिपायाचा थकलेला पगार मागण्याची सोय रिचमंड येथील कॉन्फेडरेट सरकारने ठेवली होती. अशा दाव्यांचे कागद तेथील द्वितीय हिशेबतपासनिसाच्या कचेरीत जमत, त्यांची छाननी होई, आणि कित्येकदा रक्कम मंजूरही होई. परंतु मंजुरीचा हुकूम विधवेच्या हाती पडेपर्यंत त्या नोटांत पिठाचे एक पोते येण्याचीही मारामार होत असे. युद्ध संपले आणि ती कचेरीही संपली. पुढे १८६८ साली संविधानाची चौदावी दुरुस्ती अमलात आली, आणि बंडाच्या साहाय्यार्थ झालेले कोणतेही कर्ज वा देणे संघराज्याने अथवा घटक राज्यांनी फेडू नये, असा निर्बंध तिच्या चौथ्या कलमाने घातला. कॉन्फेडरसीकडून यावयाच्या बाकीची आशा अशा रीतीने कायमची मावळली.

संघराज्याने स्वतःच्या सैनिकांसाठी मात्र १८६२ मध्येच पेन्शनचा कायदा केला होता. साध्या शिपायाच्या विधवेला त्यान्वये दरमहा ८ डॉलर मिळत, आणि १८८६ मध्ये ही रक्कम १२ डॉलर झाली. १८९० च्या कायद्याने पात्रतेची कक्षा इतकी रुंदावली की पुढच्या तीनचार वर्षांत संघराज्याच्या महसुलाचा सुमारे ४० टक्के भाग पेन्शनांवर खर्च होऊ लागला. हा महसूल मुख्यतः जकातीतून येई, आणि जकातीचा भार दक्षिणेतील गिऱ्हाइकावरही पडे. आपल्या नवऱ्याला ज्याने मारले त्याच्या बायकोचे पेन्शन आपल्या कापडाच्या वाढीव किमतीतून जाते, ही तेथील विधवेची तक्रार कडवट असली तरी हिशेबाच्या दृष्टीने सर्वस्वी खोटी नव्हती.

दक्षिणेतील राज्यांच्या खजिन्यांची अवस्था शोचनीय होती, आणि जे थोडे देता येण्यासारखे होते ते प्रथम पुरुषांकडे गेले. नॉर्थ कॅरोलायनाने १८६६ मध्ये कृत्रिम अवयव पुरवण्यास प्रारंभ केला, आणि मिसिसिपीने त्याच वर्षी आपल्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा लाकडी हातापायांवर खर्च केला, असे सांगतात. तुटलेला पाय डोळ्यांना दिसतो, मोजता येतो, आणि त्याच्या जागी दुसरा बसवला की सरकारचे कर्तव्य संपल्याचे समाधान मिळते. उद्ध्वस्त संसाराला असा साचा नसतो. म्हणूनच की काय, विधवांची पाळी येण्यास आणखी वीस वर्षे लागली. नॉर्थ कॅरोलायनाने १८८५ मध्ये, अलाबामाने १८८६ मध्ये, व्हर्जिनिया व मिसिसिपी यांनी १८८८ मध्ये, फ्लोरिडाने १८८९ मध्ये आणि टेनेसीने तर १९०५ मध्ये विधवांना यादीत घेतले. प्रारंभीचे काही कायदे युद्धात प्रत्यक्ष मारल्या गेलेल्यांच्या विधवांपुरतेच होते. ज्याने जखम घेऊन घरी येऊन वीस वर्षे अंथरुणावर काढली आणि मग प्राण सोडला, त्याच्या बायकोला पुढच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागे. व्हर्जिनियाच्या पहिल्या कायद्याने विधवेला वर्षाकाठी ३० डॉलर देऊ केले, म्हणजे उत्तरेतील शिपायाची विधवा तीन महिन्यांत जे घेई त्याहूनही कमी.

या स्त्रियांच्या दारिद्र्याचे एक कारण कापसात होते, आणि त्या कारणाचा धागा आपल्या मुलखापर्यंत येतो. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईच्या बाजारातून वाटेल त्या भावाने कापूस उचलला. वऱ्हाड, खानदेश व गुजरातचा माल सोन्याच्या मोलाने गेला, प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या भोवती सट्ट्याचा डोंगर उभा राहिला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. जी शांतता मुंबईच्या पेढ्यांना बुडवणारी ठरली तिने दक्षिणेच्या शेतकऱ्यालाही तारले नाही. युद्धोत्तर काळात कापसाचे भाव उतरत गेले, दुकानदाराकडून उभ्या पिकाच्या तारणावर उधारी घेण्याची रीत घरोघर रुजली, आणि ज्या घरात कर्ता पुरुष नव्हता त्या घरची जमीन प्रथम गहाण व नंतर लिलावात जाऊ लागली. नव्वदीच्या दशकात पेन्शनचे अर्ज आले ते या वृद्ध झालेल्या, भूमिहीन झालेल्या विधवांचे.

या व्यवस्थेचे यंत्र कसे चाले हे पाहण्यास टेक्ससचे उदाहरण सोयीचे आहे. त्या राज्याने १८८१ मध्ये अपंग सैनिकांना आणि मृतांच्या विधवांना १,२८० एकर सरकारी जमिनीचे दाखले देण्याचा कायदा केला व दोनच वर्षांत तो मागे घेतला. पुढे राज्यघटनेत दुरुस्ती होऊन १८९९ मध्ये रोख पेन्शन सुरू झाले. त्याची कमाल मर्यादा दरमहा ८ डॉलर होती. विधवा अकिंचन असली पाहिजे, १८८० पासून टेक्ससची रहिवासी असली पाहिजे, तिने पुनर्विवाह केलेला नसावा आणि तिचे लग्न १ मार्च १८६६ पूर्वी झालेले असावे, अशा अटी होत्या. लग्नाची ही सीमारेषा नंतरच्या दुरुस्त्यांनी पुढे पुढे सरकत गेली. १९१२ च्या दुरुस्तीने या कामासाठी मालमत्तेवर शंभर डॉलरमागे पाच सेंटांचा स्वतंत्र कर बसवण्याची मुभा दिली, आणि तेव्हा कोठे या खर्चाला हक्काचा पैसा मिळाला.

अर्जाचा नमुना छापील असे. नवऱ्याचे नाव, तो कोणत्या पलटणीत, कोणत्या कंपनीत होता, केव्हा भरती झाला, केव्हा सुटला, लग्न कोठे व कधी झाले, हे रकाने आधी येत. मग प्रश्नांचा रोख बदले. आपली प्रकृती कशी आहे? आपल्याकडे जमीन, घर, जनावरे काय आहेत व त्यांची किंमत किती? उत्पन्नाचे साधन काय? या कायद्याचा लाभ मिळावा म्हणून आपण आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली आहे काय? आपण खरोखरच निर्वाहाच्या साधनांना मुकलेल्या आहात काय? ही उत्तरे शपथेवर द्यायची, काउंटीच्या न्यायाधीशासमोर द्यायची आणि अक्षरओळख नसेल तर कारकुनाने लिहिलेल्या नावाजवळ फुलीची निशाणी करायची. त्यावर साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडली जात, काउंटीच्या अधिकाऱ्यांचा दाखला होई, आणि सारा जुडगा ऑस्टिन येथे राज्याच्या मुख्य हिशेबनिसाच्या कचेरीत शिक्कामोर्तबासाठी रवाना होई.

पुराव्याचा भाग सर्वांत कठीण असे. लग्नाची नोंद ज्या न्यायालयात झाली ते युद्धात जळालेले, लग्न लावणारा धर्मोपदेशक केव्हाच वारलेला, आणि नवऱ्याबरोबर लढलेले सोबती कोणी आर्कान्सॉत, कोणी ओक्लाहोमात पांगलेले. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेली लग्नाची व जन्माची तारीख अशा वेळी दस्तऐवजाचे काम करी. नॅशव्हिल येथून १८९३ पासून निघणाऱ्या 'कॉन्फेडरेट व्हेटरन' या मासिकात, अमुक पलटणीतील अमुक गृहस्थांना ओळखणारा कोणी हयात असल्यास त्याने विधवेस कळवावे, तिला पेन्शनसाठी साक्ष हवी आहे, अशा विनंत्या येत. कॉन्फेडरसीच्या सैन्याची दप्तरे विजेत्यांनी वॉशिंग्टनला नेली होती. १९०३ पासून त्यांतील हजेरीपटांवरून प्रत्येक शिपायाची वेगवेगळी टिपणे तयार होऊ लागली, आणि त्यानंतर राज्यांच्या कचेऱ्या युद्धखात्याकडे विचारणा करू लागल्या. नवऱ्याने निष्ठेने सेवा केली याचा दाखला विधवेला शेवटी त्याच्या शत्रूच्या दप्तरातून मिळे. अर्थात तो दाखला तिला अनुकूलच येई असे नाही. अमुक महिन्याच्या हजेरीपटावर नाव आहे, त्यापुढील नोंद आढळत नाही, एवढ्या कोरड्या उत्तराने नवरा पळून गेला होता की काय असा संशय उभा राही, आणि फितूर वा पळपुट्या शिपायाच्या विधवेला पेन्शन नसे.

या सर्व व्यवस्थेचे मर्म येथे उघड होते. विधिमंडळातील भाषणांत पेन्शन म्हणजे वीरपत्नींचा सन्मान होता, स्मारकांच्या अनावरणप्रसंगी ते राज्याचे पवित्र ऋण होते. परंतु अर्जाच्या कागदावर ते दारिद्र्याच्या शाबितीवर मिळणारे दान होते. ऋण असते तर धनकोने आपल्याकडे गाय किती व ती कितीला जाईल हे सांगण्याचे कारण नव्हते. दान असते तर नवऱ्याच्या हजेरीपटाची झडती घेण्याचे कारण नव्हते. राज्यांना हक्काचा डौलही हवा होता आणि भिक्षेतली काटकसरही. पुरुष सैनिकालाही दारिद्र्य सिद्ध करावे लागे, हे खरे. परंतु त्याची लायकी निदान त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वावर ठरे. विधवेची लायकी तिच्या नवऱ्याने युद्धात काय केले आणि त्यानंतर तिने काय केले नाही, म्हणजे पुन्हा लग्न केले नाही, यावर ठरे. युद्धाच्या वर्षांत तिने एकटीने नांगर धरला, मुले जगवली, त्याला अर्जात रकानाच नव्हता.

आणि ज्यांच्या श्रमावर हा मुलूख उभा होता त्यांना तर या हिशेबात केवळ देणेकऱ्याचे स्थान होते. कृष्णवर्णीय लोक राज्याचे कर भरत. त्या करांतून त्यांना गुलाम ठेवू पाहणाऱ्या सैन्याच्या विधवांना पेन्शन मिळे. आणि याच सुमारास, मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेपासून आरंभ होऊन, त्यांचा मताधिकार हिरावला जात होता. मिसिसिपीने प्रारंभीच आणि टेनेसी, व्हर्जिनिया आदी राज्यांनी १९२० नंतर काही वृद्ध कृष्णवर्णीयांना पेन्शन दिले, ते मालकाच्या चाकरीत छावणीत राबलेले नोकर म्हणून. संघराज्याच्या सैन्यात मात्र सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले होते, आणि त्यांच्या विधवांना वॉशिंग्टनच्या पेन्शनचा अधिकार होता. त्यांची अडचण वेगळी. गुलामांचे लग्न कायद्याने लग्नच नव्हते. पतिपत्नी म्हणून एकत्र राहिल्याची साक्ष चालेल अशी सवलत १८६४ च्या कायद्याने दिली, तरी तपासनीस गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे त्या स्त्रीच्या चालचलणुकीची चौकशी करीतच. म्हणजे एकाच गावात दोन विधवा, दोन सरकारांपुढे, आपल्या संसाराच्या खरेपणाची साक्ष गोळा करीत फिरत होत्या.

ज्यांना पेन्शनवरही घर चालवणे अशक्य होते त्यांच्यासाठी ऑस्टिनमध्ये 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या स्त्रीसंस्थेच्या टेक्सस शाखेने १९०८ मध्ये एक आश्रयगृह उघडले. १९११ मध्ये ते राज्याने आपल्याकडे घेतले, आणि १९६३ मध्ये उरलेल्या तिघी जणींना खाजगी शुश्रूषागृहांत हलवून ते बंद झाले. युद्धानंतर जवळजवळ शतकभर विधवा उरल्या कशा, याचे उत्तर पेन्शनमध्येच आहे. म्हाताऱ्या सैनिकाचे मासिक पेन्शन हे मंदीच्या दिवसांत खेड्यातील एकमेव निश्चित उत्पन्न होते, आणि त्यामुळे विशीतील गरीब मुलींनी ऐंशी उलटलेल्या सैनिकांशी लग्ने केली. आर्कान्सॉत १९३४ मध्ये एकोणीस वर्षांच्या मुलीने शहाऐंशी वर्षांच्या वृद्धाशी असे लग्न केले. ती २००८ मध्ये वारली. मात्र तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या राज्याने अशा तरुण विधवांना पेन्शनमधून वगळले. गरज तीच होती, किंबहुना अधिक होती. परंतु ती पुरेशी जुनी नव्हती.

१९५८ मध्ये संघराज्याने कॉन्फेडरेट सैनिकांना व त्यांच्या विधवांना आपल्या सैनिकांच्या बरोबरीने पेन्शन लागू केले. औदार्य मोठे, पण ते स्वीकारण्यास फारच थोड्या स्त्रिया हयात होत्या. त्या युद्धाचे अखेरचे पेन्शन २०२० पर्यंत चालले. ते घेणारी नॉर्थ कॅरोलायनातील वृद्धा एका अशा शिपायाची मुलगी होती, जो कॉन्फेडरेट सैन्यातून पळाला आणि मग संघराज्याच्या सैन्यात दाखल झाला. तिला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत. पहिल्याच सैन्यातून पळून तो घरी बसला असता, तर त्या मुलीला दोन्हीकडून काही मिळाले नसते.

वैधव्य आणि वार्धक्य ही स्वतःच मदतीची कारणे आहेत, ही कल्पना संघराज्याच्या कायद्यात आली ती १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने आणि विधवांना त्यात घेणाऱ्या १९३९ च्या दुरुस्तीने. परंतु शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना त्या कायद्याने आरंभी बाहेर ठेवले, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रिया बहुतांशी याच दोन कामांत होत्या. छापील नमुन्यातून नवऱ्याची पलटण गेली, कोणाचे दारिद्र्य सन्मान्य आणि कोणाचे दुर्लक्षणीय हे ठरवणारा रकाना मात्र राहिला. कॉन्फेडरेट विधवांच्या पेन्शनची ती कोंदट दप्तरे आज वाचावीत ती एवढ्यासाठी की, हा रकाना कसा भरला जात असे हे त्यांत सरकारच्याच हस्ताक्षरात, शपथेवर आणि साक्षीदारांसह लिहून ठेवलेले आहे.