शंभरांत किती?

औषधाचं माहितीपत्रक खालून वर वाचावं. वर जाड ठशात दावा असतो, मधे आलेख आणि हसऱ्या कुटुंबाचा फोटो. अगदी तळाशी, चष्मा सरसावून वाचावं लागेल अशा अक्षरांत, तो दावा आला कुठून याचा पत्ता असतो: नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, पान. मुंबईतल्या एका एजन्सीत मी हीच पत्रकं लिहिते. ती एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, बॅगेतून आणि टॅबवरून डॉक्टरांपर्यंत जातात. माझं काम त्या तळाच्या ओळीपासून सुरू होतं.

आधी कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजरकडून ब्रीफ येतो. औषध कोणतं, पत्रक जनरल प्रॅक्टिशनरसाठी की हृदयरोगतज्ज्ञांसाठी, समोर कोणते ब्रँड आहेत आणि डॉक्टरांच्या मनात कोणती एक गोष्ट राहायला हवी, हे त्यात लिहिलेलं असतं. सोबत शोधनिबंध असतात. निबंधाचा सारांश मी शेवटी वाचते, आधी तक्ते उघडते. पहिल्या तक्त्यात रुग्ण कोण होते ते कळतं: वय, वजन, मधुमेह आहे का, आधी हार्ट अटॅक येऊन गेला आहे का. पुढच्या तक्त्यात औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत किती जणांना काय झालं याचे आकडे असतात. दुष्परिणामांचा तक्ता बहुधा सगळ्यात मागे असतो, आणि त्रास होऊन किती जणांनी औषध मधेच सोडलं ते तिथे सापडतं. हे तीन तक्ते वाचून झाले, की सुचलेले निम्मे मथळे आपोआप गळून पडतात.

मथळा कसा घडतो, याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. अमेरिकेत लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या जाहिरातीत ठळक लिहिलेलं असे, की हार्ट अटॅकचा धोका 36 टक्क्यांनी कमी होतो. शेजारी एक चांदणी, आणि चांदणीचा खुलासा बारीक अक्षरांत. त्यामागचा अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात रक्तदाब असलेले, शिवाय हृदयविकाराला पोषक अशा आणखी तीन तरी गोष्टी असलेले दहा हजारांहून अधिक लोक होते. निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली हुबेहूब गोळी दिली. सुमारे सव्वातीन वर्षांत औषधाच्या गटात 100 जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. दुसऱ्या गटात 154 जणांना. शेकड्यात मांडलं तर एकीकडे 1.9 आणि दुसरीकडे 3. तीनावरून 1.9 वर येणं म्हणजे 36 टक्के घट, हे गणित अचूक आहे. पण शंभर जणांनी सव्वातीन वर्षं रोज गोळी घेतली तर साधारण एकाचा झटका टळला, हेही तेवढंच अचूक आहे.

हा एक म्हणजे थोडं, असं मी म्हणणार नाही. लाखो लोकांचा हिशेब केला तर तो एक फार मोठा होतो, आणि ज्याला आधी झटका येऊन गेला आहे त्याला या गोळ्यांचा फायदा पुष्कळच अधिक असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की दोन्ही आकडे एका नजरेत दिसायला हवेत. 36 टक्के वाचणाऱ्याला वाटतं, शंभरातले छत्तीस वाचले. तसं वाटावं म्हणून ओळ लिहिली असेल, तर तिच्यात खोटा आकडा नसूनही ती फसवणूकच आहे.

मजकूर तयार झाला की मेडिकल विभागाकडे जातो. तिथले डॉक्टर प्रत्येक वाक्यापुढे विचारतात, हे कोणत्या निबंधात, कोणत्या तक्त्यात? उत्तर नसेल तर वाक्य जातं. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी विपणनाची आचारसंहिता जाहीर केली. तिच्यानुसार ‘सुरक्षित’ हा शब्द कोणत्याही खुलाशाविना वापरता येत नाही. एक वर्षाहून अधिक काळ बाजारात असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणता येत नाही, आणि दुष्परिणाम नाहीतच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यालाही तिने बंदी केली आहे. हे नियम जाचक आहेत, अशी कुरकुर आमच्या धंद्यात ऐकू येते. मला त्यांचा आधार वाटतो. प्रॉडक्ट मॅनेजर विशेषण मागतो तेव्हा नाही म्हणायला माझ्या हातात काहीतरी असतं.

पत्रकाची खरी परीक्षा मात्र ओपीडीत होते. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी मी आमच्या एमआरबरोबर गेले होते. संध्याकाळची गर्दी, बाकावर केसपेपर धरून बसलेले पेशंट, भिंतीला टेकून उभे असलेले चार कंपन्यांचे चार एमआर. आधी पेशंट, मग हे, हा तिथला शिरस्ता. बऱ्याच वेळाने नंबर लागला. “सर, एकच मिनिट,” म्हणत आमच्या एमआरने टॅब पुढे केला आणि औषधाची घोकलेली माहिती सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी पहिला आलेख पाहिला आणि विचारलं, “महिन्याला किती पडेल? माझा पेशंट ऊसतोडीला जातो, त्याला जमेल का? आणि सहा महिने तो गावातच नसेल, तर मधे औषध तुटलं की काय होईल?” किंमत एमआरला पाठ होती. बाकीच्या प्रश्नांचं उत्तर आमच्या पत्रकात नव्हतं. डॉक्टरांनी विचारलेल्या गोष्टींना शोधनिबंधातही रकाना नसतो, आणि गावातल्या ओपीडीत औषध लिहायचं की नाही हे त्याच ठरवतात.

लोकांसाठीच्या आरोग्यबातमीत पत्रकातला दावा आणखी आखूड होतो. प्रिस्क्रिप्शनच्या औषधाची सरळ जाहिरात आपल्याकडे लोकांसमोर करता येत नाही. त्यामुळे आजाराबद्दलच्या ‘जनजागृती’ मोहिमा आणि प्रेसनोट यांना मोल येतं. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि घरोघरी त्यांची चर्चा सुरू झाली. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडचा मुख्य अभ्यास 2021 सालचा आहे. मधुमेह नसलेल्या 1,961 लठ्ठ वा जादा वजनाच्या प्रौढांवर तो झाला. आहार आणि व्यायामाचा सल्ला औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांना होता. 68 आठवड्यांत औषधाच्या गटाचं वजन सरासरी 14.9 टक्के घटलं, दुसऱ्या गटाचं 2.4 टक्के. हा निकाल खरोखर मोठा आहे. लठ्ठपणाला आळशीपणा समजणाऱ्या समाजात त्याचं स्वागतच व्हायला हवं. पण त्यातल्याच काही लोकांकडे पुढे लक्ष ठेवलं, तेव्हा औषध आणि सल्ला बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. मळमळ आणि जुलाबाचा त्रासही पुष्कळांना झाला होता. मुलीच्या लग्नाआधी चार महिने इंजेक्शन घेऊ पाहणाऱ्या आईला पहिल्या आकड्याइतकीच ही पुढची माहितीही लागते, आणि बातमीत जागा कमी पडली की कात्री तिलाच लागते.

म्हणून आता प्रेसनोट लिहिताना मी पाच गोष्टी पहिल्या दोन परिच्छेदांत बसवते: अभ्यास कोणावर झाला, शंभरांत किती जणांना फायदा झाला, किती काळात झाला, औषध थांबवल्यावर काय झालं आणि महिन्याचा खर्च किती. क्लायंट कधी कधी हरकत घेतो. मी सांगते, की गुण असलेल्या औषधाला या पाच उत्तरांनी धक्का लागत नाही. उलट काय अपेक्षा ठेवायची हे ठाऊक असलेला पेशंट महिनाभरात निराश होऊन औषध सोडत नाही.

वाचकांनीही हे पाच प्रश्न जवळ ठेवावेत. बातमी वाचून कोणतं औषध सुरू करू नये, आणि माझ्यासारखीचा लेख वाचून चालू असलेलं बंदही करू नये. केसपेपर घेऊन डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा संकोच न करता विचारा, “माझ्यासारख्या शंभर जणांत याचा उपयोग किती जणांना होतो?” हा प्रश्न रोज दहा पेशंटांनी विचारला, तर डॉक्टर तो एमआरला विचारतील, एमआर कंपनीला, आणि आम्हाला त्याचं उत्तर छापावंच लागेल.