दिवाड-चोडण : बांधांनी राखलेली सायकलवाट

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाड बेटावरचा रस्ता थेट शेतांत शिरतो. दोन्ही हातांना भाताची खाचरे, मधून जमिनीपेक्षा थोडा उंच बांधलेला डांबरी रस्ता आणि पुढे झाडीत दडलेली पिएदादची टेकडी. कोकणपट्टीत सायकल चालवणाऱ्याला दर दोन-तीन किलोमीटरवर चढ अंगवळणी पडलेला असतो. इथे गियर बदलायची वेळच येत नाही. पणजीहून निघून दिवाड, नार्वे, मये, चोडण आणि रायबंदर करून परत येणारा हा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा भरतो. त्यातला बराचसा भाग असाच सपाट आहे, पिएदादच्या टेकडीवर आणि नार्वे ते मये या पट्ट्यात तेवढा चढउतार लागतो.

हा सपाटपणा मात्र आपोआप आलेला नाही. दिवाडच्या रस्त्यावर भरतीच्या वेळी पाच मिनिटे थांबून पाहावे. एका बाजूला नदी, मध्ये बांध, दुसऱ्या बाजूला शेत, आणि नदीचे पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर. बांध नसता तर दिवसातून दोनदा हे सगळे शिवार खाऱ्या पाण्याखाली गेले असते. ही खाजन जमीन आहे. खाडीच्या आणि नदीच्या दलदलीला बांध घालून, मीठ धुवून काढून पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली. गोव्यात अशी जमीन १८ हजार हेक्टरांच्या आसपास आहे. ही पद्धत किती जुनी याचा अंदाज बांदोड्याच्या ताम्रपटावरून येतो. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या त्या दानपत्रात समुद्राचे खारे पाणी बांधाने अडवून शेत करण्याचा उल्लेख आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या हजारएक वर्षे आधीच गोव्याचा शेतकरी भरतीशी व्यवहार ठरवून बसला होता.

हा व्यवहार पाहायचा असेल तर मानशीपाशी सायकल उभी करावी. मानस म्हणजे बांधात बसवलेले जांभ्याच्या दगडाचे दार. त्याला लाकडी झडपा असतात आणि त्या अशा टांगलेल्या असतात की माणसाने हात लावायची गरज नाही. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडपांना आत रेटतो, त्या चौकटीवर घट्ट बसतात आणि खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडपा उघडतात आणि शेतातले पावसाचे पाणी नदीत निघून जाते. ओहोटी अर्ध्यावर आली की दारातून पाणी खळाळत पडते. कधी त्याच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावलेले दिसते. शेवटे, काळुंदर, सुंगटे, कुर्ल्या असा ऐवज त्यात येतो. या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी मूळ रीत. पावसाळ्यात भात, नंतर मासळी, आणि दोन्हींच्या उत्पन्नावर बांध टिकलेला. खारे पाणी थोडेफार झिरपले तरी तग धरणारे कोरगुट भात याच जमिनीत पिकत आले आहे.

पूर्वी हे सगळे गावकरी ही ग्रामसंस्था, म्हणजे कोमुनिदाद, पाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा आधार मिळाला, ते योग्यच झाले. पण बांध आणि मानशी सांभाळण्याची सामुदायिक शिस्त त्यानंतर शेतकरी संघटनांकडे आली आणि ती सगळीकडे सारखी टिकली नाही. भाताला मजूर मिळेना, मासळीला मात्र चांगला भाव. मग काही ठिकाणी मासळीसाठी खारे पाणी हवे त्यापेक्षा जास्त आत घेतले जाऊ लागले आणि शेत पडीक पडले. मांडवीतून खनिजाच्या बार्जेस सतत ये-जा करत होत्या तेव्हा त्यांच्या लाटांनीही बांधांचे पायथे खाल्ले. एकदा बांधाला भगदाड पडले की पुढच्या काही भरतींत शेतात मीठ बसते आणि त्याच्या कडेने खारफुटी उगवायला लागते. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते आणि बांधाला राखते, तीच आत आली की शेत गेले असे समजावे. सायकलवरून हा फरक सहज डोळ्यांत भरतो. कुठे हिरवेगार खाचर, तर लगेच पुढच्या वळणावर काळपट पाणी आणि त्यात उभी खारफुटीची रोपे. या वाटेचे कौतुक करणाऱ्याने तो फरक पाहावा, असे मला मनापासून वाटते. पायाखालचा रस्ता आणि बाजूचे शेत एकाच बांधाच्या भरवशावर आहेत.

वाटेतली ठिकाणे सांगायची तर सुरुवात जुन्या गोव्यातूनच होते. चर्चेस पाहून लोक बसकडे वळतात. सायकलवाल्याने मात्र उलट्या दिशेला, नदीकडे उतरणारा रस्ता धरावा. धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयच्या कमानीखालून जावे लागते. वास्को द गामाच्या पणतूने व्हाइसरॉय असताना सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. मूळ कमान पुढे ढासळली आणि १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. नवा व्हाइसरॉय नदीमार्गे येऊन याच दाराने शहरात शिरत असे. आज त्याखालून दुधाच्या किटल्या, शाळेची पोरे आणि स्कूटर जातात.

फेरीबोटीत सायकल चढवताना एक काळजी घ्यावी. ओहोटीला धक्क्याचा जो उतार उघडा पडतो त्यावर शेवाळ असते. पेडलला अडकणारे बूट घातलेला माणूस तिथे हमखास घसरतो. उतरून, सायकल हाताने धरून, कोरड्या कडेने चालत जावे. पायी माणसाला फेरीचे तिकीट नाही. नदीवरचे काही मिनिटांचे ते अंतर ही बेटावरच्या लोकांची रोजची वाट आहे, म्हणून आधी गाड्या आणि सामानवाले चढू द्यावेत आणि सायकल कठड्याला टेकवून उभे राहावे.

पिएदादची टेकडी हा दिवाडवरचा एकमेव खरा चढ. वर दयाळू मातेचे चर्च आहे. तिथून खाली पाहिले की बेटाची रचना एका नजरेत कळते. घरे आणि माड उंचवट्यावर, शेते खोलगट भागात, आणि सगळ्याला वेढून मांडवीचे फाटे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा भरतो. गावच्या वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दींवरून तंटे होत, हद्दीच्या खुणांना निशाणे लावली जात, त्याची आठवण म्हणून झेंड्यांची मिरवणूक निघते. सायकलीसाठी तो दिवस टाळावा आणि पायी फिरण्यासाठी मुद्दाम निवडावा.

सकाळी लवकर पोहोचलात तर बेटावरचा सगळ्यात जुना सायकलवाला भेटतो, तो म्हणजे पोदेर. मागे बांबूची मोठी टोपली, वर झाकण, हँडलला रबरी भोंगा. भोंगा वाजला की दारे उघडतात आणि उंडे, पोळ्या, कडक काकणे दारोदार पोहोचतात. इतके वजन मागे बांधून, एका हाताने सुटे पैसे मोजत तो अरुंद गल्लीत ज्या सफाईने वळतो, ते पाहून भारी सायकल घेऊन आलेल्याने त्याला आधी वाट द्यावी.

दिवाडच्या दुसऱ्या टोकाला नारोवा. इथे कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. बहामनी स्वारीत त्याची मोडतोड झाली, विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याने ते पुन्हा उभे केले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. त्या काळात शिवलिंग विहिरीच्या कामाला लावले गेले होते असे सांगतात. भक्तांनी ते तिथून काढून नदीपार नेले. आपणही त्याच वाटेने फेरीबोटीत बसतो आणि पलीकडच्या तीरावर उतरून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या देवळाशी पोहोचतो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली, तसा शिलालेख तिथे आहे. अलीकडे शासनाने देवळाचा जीर्णोद्धार केला. कौलारू उताराचे छप्पर, मध्ये घुमट, समोर दीपमाळ आणि भोवती पोफळीची गर्दी. महाराष्ट्रातून येणाऱ्या सायकलवाल्याने इथे घाई करू नये. नदी ओलांडून आलेले हे दैवत आणि महाराजांची आज्ञा एकाच अंगणात पाहायला मिळतात.

नार्व्याहून मयेकडचा टप्पा झटपट उरकावा. रस्ता वर-खाली होतो आणि खनिज वाहतूक चालू असेल तर लाल धूळ डोळ्यांत जाते. चोडणवर आलो की पुन्हा सपाटी. बेटाच्या पश्चिम टोकाला, फेरीच्या धक्क्याजवळच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ १७८ हेक्टर आणि जवळजवळ सगळी खारफुटी. १९८८ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा खारफुटीची वर आलेली मुळे, त्यांमध्ये पळणारे खेकडे आणि चिखलावर सरपटणारे मासे जवळून दिसतात. खंड्या, पाणकावळे, बगळे आणि डोक्यावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार इथली नेहमीची. सायकल बाहेर ठेवून पायवाटेने जावे आणि सोबत्यांनी आवाज कमी ठेवावा.

सपाट मुलखात चढाची जागा वारा घेतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो पणजीहून पूर्वेकडे निघालेल्याच्या तोंडावर येतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि परतताना तो पुन्हा समोरूनच. सकाळचा मंद असतो, दुपारचा दमवतो. म्हणून उजाडता निघून, दहा-अकराच्या आत चोडणच्या धक्क्यावर पोहोचावे. खाजनातल्या रस्त्यांवर सावली जवळपास नाही, पाणी दोन बाटल्या तरी हवे. पावसाळ्यात हा परिसर सर्वांत सुंदर असतो, पण रस्त्याच्या कडांवर शेवाळ धरते, म्हणून टायर थोडे रुंदच बरे. घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्यायला विसरू नये. खारी हवा साखळीला फार लवकर गंज चढवते.

दिवाडला पूल व्हावा की नाही, यावर अधूनमधून वाद होतो. पुलाला विरोध करणारे सांगतात की फेरीमुळेच बेटावर मोठ्या इमारती आणि रहदारी आली नाही. त्यांचे म्हणणे मला पटते, रस्ते इतके मोकळे राहिले ते त्यामुळेच. पण मध्यरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचे असेल तर धक्क्यावर बोटीची वाट पाहणाऱ्या घराचे म्हणणे आपण बाहेरच्यांनी हलके धरू नये. निर्णय बेटावरच्यांनीच घ्यायला हवा. पूल झाला किंवा न झाला, बांध आणि मानशी यांच्यासाठी नियमित पैसा आणि माणसे लागणारच आहेत. त्याची मागणी गावकऱ्यांनी एकट्याने का करावी? सुट्टीच्या सकाळी झुंडीने येणाऱ्या आपल्या सायकल गटांनीही ती करावी.

चोडणहून फेरीने रायबंदरला उतरलात की पणजीपर्यंतचा शेवटचा टप्पा लिन्यारिशच्या सेतूवरून. काउंट ऑफ लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत १६३३-३४ मध्ये दलदलीतून घातलेला, सुमारे तीन किलोमीटरांचा हा दगडी रस्ता. खालच्या कमानींतून भरतीचे पाणी आत-बाहेर करते, आणि पावणेचारशेहून अधिक वर्षांनंतरही वाहतूक त्यावरून जाते. रस्ता अरुंद आहे आणि कचेरीच्या वेळेत गाड्या अगदी खेटून जातात. त्या वेळी रांगेत एकामागे एक चालावे आणि रायबंदरच्या जुन्या घरांच्या बाजूने, नदी उजव्या हाताला ठेवून, पणजी गाठावी.