बोलणारा मूस आणि बार्सिलोनाचा वेटर

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसायला लागलं, की राजा व्हायला सगळे एका पायावर तयार! पण भालदार-चोपदार कोण होणार? "बाई, मला एकच वाक्य?" म्हणणारे रडवेले चेहरे मी दरवर्षी बघते. मग मी त्यांना एका हॉटेलाची गोष्ट सांगते. हे हॉटेल फक्त टीव्हीवरचं. पण ते जगभर गाजलं, ते मालकाइतकंच तिथल्या छोट्या छोट्या माणसांमुळे.

हॉटेलाचं नाव 'फॉल्टी टॉवर्स'. ते आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की या गावात. बीबीसीवर 19 सप्टेंबर 1975 रोजी या विनोदी मालिकेचा पहिला भाग दिसला. 1975 मध्ये सहा भाग आणि 1979 मध्ये सहा, असे एकूण किती? फक्त बारा! आपल्याकडच्या मालिका हजारहजार भाग चालतात. पण या बारा भागांच्या मालिकेला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2000 साली उत्तम शंभर ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांच्या यादीत पहिला नंबर दिला.

गंमत म्हणजे, चित्रीकरणाआधी बीबीसीतल्याच एका जाणकाराने संहिता वाचून शेरा मारला होता, की यातली पात्रं ठरावीक साच्याची आहेत आणि मालिका साफ आपटणार! नापास झालेला पेपर पुढे बोर्डात पहिला यावा, तसं झालं बघा.

हॉटेलाचा मालक बेसिल फॉल्टी म्हणजे ताडमाड उंच आणि महातिरसट माणूस. पाहुण्यांवर खेकसणार आणि बायको सिबिलपुढे मात्र मांजर होणार. हे काम केलं जॉन क्लीझ यांनी. 1970 साली ते आपल्या मंडळींबरोबर टॉर्कीच्या एका खऱ्या हॉटेलात उतरले होते. तिथल्या मालकाने त्यांच्या एका सोबत्याला काटा-सुरी नीट धरत नाही म्हणून झापलं! बाकीचे वैतागले, पण क्लीझ मात्र त्या मालकाला न्याहाळत राहिले. पुढे त्यांनी कॉनी बूथ यांच्याबरोबर ही मालिका लिहिली. हॉटेलातली समंजस पॉली झाल्या त्या याच कॉनी बूथ. नंतर त्यांनी अभिनय सोडला आणि त्या मानसोपचारतज्ज्ञ झाल्या.

आता भेटू या आपल्या भालदार-चोपदारांना.

मेजरसाहेब. हे हॉटेलात कायमचेच राहणारे. सदा वर्तमानपत्राच्या शोधात, आणि पाच मिनिटांपूर्वीचंही विसरणारे. एकदा भिंतीवर टांगायला मूसचं मुंडकं आणलेलं असतं. मूस म्हणजे थंड प्रदेशातलं दांडगं हरीण. ते मुंडकं काउंटरवर ठेवलेलं, आणि काउंटरमागे वाकून वेटर मॅन्युएल साफसफाई करतोय. तो खालूनच इंग्रजी बोलतो. मेजरना वाटतं, मूसच बोलला! ते त्याच्याशी अदबीने गप्पा मारतात. नंतर बेसिलला विचारतात, "हा जपानी आहे का?" बेसिल म्हणतो, "कॅनडाचा असावा." त्यावर मेजर म्हणतात, कॅनडावाले इतके हुशार असतील असं वाटलं नव्हतं!

मिसेस रिचर्ड्स. या फक्त एका भागापुरत्या आलेल्या पाहुण्या. कानाला कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र आहे; पण बॅटरी संपेल म्हणून बाई ते बंद ठेवतात! बेसिल मुद्दाम आवाज न काढता नुसते ओठ हलवतो. बाई बिचाऱ्या यंत्राचा आवाज वाढवतात, आणि मग तो एकदम ओरडतो. एका भागात आल्या, पण लोक त्यांना आजही विसरलेले नाहीत.

पेपरवाला पोरगा. भागांच्या सुरुवातीला हॉटेलाची पाटी दिसते, आणि बऱ्याचदा तिची अक्षरं कुणीतरी उलटसुलट केलेली असतात. कधी 'फॅटी आउल्स' म्हणजे लठ्ठ घुबडं, तर कधी 'वॉर्टी टॉवेल्स' म्हणजे चामखिळी आलेले टॉवेल. हा उद्योग कुणाचा? एका भागात काही सेकंद दिसतं: पेपर टाकणारा पोरगा! त्याला एक वाक्यसुद्धा नाही; पण कोडं सुटलं ते त्याच्यामुळे.

आता राहिला मॅन्युएल. बार्सिलोनाहून आलेला, पुस्तकातून इंग्रजी शिकलेला, कामसू आणि भोळा. काही सांगितलं की त्याचा प्रश्न ठरलेला: "के?" स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ "काय?" पहिल्याच भागात बेसिल त्याला सांगतो, 'ऑन दोज ट्रेज', म्हणजे त्या ट्रेंवर, लोणी जास्त झालंय. मॅन्युएलला ऐकू येतं 'उनो, दोस, त्रेस', म्हणजे स्पॅनिशमध्ये एक, दोन, तीन. मालकाचा उच्चार चुकलाय असं समजून तो बिचारा अंक दुरुस्त करून देतो!

गोंधळ झाला की बेसिल पाहुण्यांना सांगतो, की तो बार्सिलोनाचा आहे. जणू सगळा दोष त्या गावाचाच! म्हणून स्पेनमध्ये ही मालिका दाखवताना मॅन्युएलला चक्क इटालियन करून टाकलं आणि त्याचं नाव ठेवलं पावलो.

मॅन्युएलचं काम करणारे अँड्र्यू सॅक्स मात्र स्पॅनिश नव्हतेच. त्यांचा जन्म 1930 चा, जर्मनीतल्या बर्लिनचा. वडील ज्यू होते. हिटलरच्या राज्यात ज्यूंचा छळ सुरू होता. सॅक्स यांच्या वडिलांनाही नाझींनी पकडलं. ते सुटले, आणि 1938 साली हे कुटुंब घरदार सोडून लंडनला आलं. अँड्र्यू तेव्हा आठ वर्षांचा होता. म्हणजे साधारण तिसरीतला मुलगा! नवा देश, नवी शाळा, आणि आजूबाजूला सगळे परकी भाषा बोलणारे.

क्लीझ यांनी मॅन्युएलची भूमिका देऊ केली, तेव्हा सॅक्स यांनी विचारलं होतं, की वेटर जर्मन केला तर नाही का चालणार? स्पॅनिश ढब आपल्याला जमेल की नाही, अशी त्यांना शंका होती. पण जमली, आणि अशी जमली की लोकांना ते खरेच स्पॅनिश वाटले! या कामात त्यांनी मारही खाल्ला. आगीच्या प्रसंगात कपड्यांतून धूर यावा म्हणून रसायन वापरलं होतं. त्याने त्यांना खरोखरच भाजलं. पुढे 1978 मध्ये त्यांनी बीबीसी रेडिओसाठी 'द रिव्हेंज' नावाचं नाटक लिहिलं आणि स्वतः केलं. त्यात एकही संवाद नाही, नुसते आवाज! 2016 साली ते वारले.

मालिका बघताना आपण मॅन्युएलला हसतो. पण जरा नीट बघा. तो मन लावून शिकतोय, जमेल तसं बोलतोय. मूर्ख ठरतो तो त्याला समजावून न सांगता डोक्यात टपली मारणारा मालक!

आमच्या शाळेत दरवर्षी एखादं मूल दुसऱ्या मुलुखातून येतं. आईवडील कामासाठी आलेले असतात. त्याचं मराठी अडखळतं आणि वर्ग खो खो हसतो. तेव्हा मला बर्लिनहून आलेला तो आठ वर्षांचा मुलगा आठवतो. तुमच्या वर्गात असं कुणी आलं आणि त्याने "काय?" म्हणून विचारलं, तर काय करायचं? पुन्हा एकदा सांगायचं. हळू, आणि हसून. पण त्याला हसून नव्हे, बरं का!

आणि हो, यंदाच्या नाटकात एकच वाक्य मिळालं, तर पेपरवाल्या पोराला आठवा. त्याला तर तेवढंही नव्हतं!