टाकाऊतून टिकाऊ, पण आधी पूर्वेतिहास

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली भागातील ख्रिस्ती घरांच्या दारात कागदी चांदण्या दिसू लागतात. चांदा धर्मप्रांताचे मुख्यालय बल्लारपूरला असल्याने तेथे नाताळची लगबग थोडी जास्तच असते. अनेक शाळांतही हा सण साजरा होतो आणि ‘घरातील टाकाऊ वस्तूंपासून शोभेची वस्तू करून आणा’ असे काम मुलांना मिळते. कल्पना चांगलीच आहे. पैसे वाचतात, कचरा कमी होतो, मुलांचे हात आणि डोके दोन्ही कामाला लागतात. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा पर्याय शोधणे भागच आहे.

मात्र डॉक्टर औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास विचारतात, तसाच तो टाकाऊ वस्तूचाही विचारायला हवा. या वस्तूत पूर्वी काय होते? हाताळताना तिच्यातून काय बाहेर पडेल? आणि सण संपल्यावर ती कुठे जाईल? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच ती मुलांच्या हाती द्यावी.

पहिला प्रश्न शेतकऱ्यांच्या घरात सर्वांत महत्त्वाचा. धान आणि कापसावर फवारायच्या कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या जाड, रंगीत आणि दिसायला छान असतात. त्या कापून घंटा किंवा फुले करण्याचा मोह होतो. पण यातील अनेक औषधे त्वचेतूनही शरीरात शिरतात. प्लास्टिक त्यांचा काही अंश शोषून घेते, त्यामुळे बाटली साबणाने कितीही धुतली तरी ती निर्धोक होत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भ विसरलेला नाही. ज्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोनी विषचिन्हाचा शिक्का आहे, ती सजावटीतून बाद. हिरवा रंग म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. विष तुलनेने सौम्य, एवढाच त्याचा अर्थ.

गोळ्यांच्या चकचकीत पाकिटांचेही तसेच. त्यांच्या चांदण्या सुंदर होतात, पण एखाद्या कप्प्यात गोळी राहून जाते आणि लहान मूल पाकिटाला खेळणे समजू लागते. आपल्याकडे गर्भवतींना मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी असतात. त्या मुलांना गोड गोळ्यांसारख्या वाटतात आणि मूठभर गिळल्या तर जिवावर बेततात. दवाखान्यातील सलाईनच्या नळीचा मासा अनेकांनी पाहिला असेल. कुणी तो गाडीच्या आरशालाही टांगतो. परंतु वापरलेल्या नळीला रुग्णाचे रक्त लागलेले असू शकते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तिची जागा लाल पिशवीत आहे, नाताळच्या झाडावर नाही.

दुसरा प्रश्न हाताळण्याचा. जळालेल्या सीएफएल दिव्यात आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. काच फुटली की त्याची वाफ श्वासात जाते. दिवा फुटलाच तर मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात. झाडूने झाडू नये; तुकडे जाड कागदाने गोळा करून जागा ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या दारा-खिडक्यांचे किंवा जुन्या खेळण्यांचे रंग खरवडू नयेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते.

जंगलातून आणलेल्या वस्तूंनाही हाच नियम. लाल अंगावर काळा ठिपका असलेली गुंज या दोन्ही जिल्ह्यांत सहज सापडते आणि हिरव्या पानांत ती फारच खुलून दिसते. एकेकाळी सोनार तिने सोने तोलत. तिच्या बीमध्ये ‘अॅब्रिन’ हे जहाल विष असते. ते शरीरातील पेशींची प्रथिने तयार करण्याची क्रिया बंद पाडते. अखंड बी गिळली तर टणक सालीमुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. पण माळ ओवण्यासाठी सुईने भोक पाडले की हे कवच उरत नाही. अशी किंवा चावलेली बी पोटात गेल्यास उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात. लक्षणे दिसायला काही वेळा एक-दोन दिवसही लागतात. म्हणून मूल बरे दिसत असले तरी त्याला दवाखान्यात न्यावे. एरंडाच्या बियाही अशाच विषारी. सीताफळाच्या बियांना भोक पाडताना उडालेला चुरा डोळ्यात गेला तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला जखम होते.

सर्वांत मोठा धोका मात्र सर्वांत लहान वस्तूचा आहे. जुन्या खेळण्यातून, रिमोटमधून किंवा बिघडलेल्या दिव्यातून काढलेले नाण्यासारखे चपटे सेल चांदण्यांत दिवे लावण्यासाठी वापरले जातात. ‘संपलेल्या’ सेलमध्येही थोडी वीज शिल्लक असते. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, की ओलाव्यातून वीज वाहू लागते, तेथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. सुरुवातीला फक्त लाळ गळते, मूल खायला नको म्हणते, खोकते. सर्दी-खोकला समजून वेळ जातो.

सिरोंचा, भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांतून जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच कितीतरी वेळ लागतो. तेथे हे दोन तास रस्त्यातच संपतात. म्हणून शंका आली तरी थांबू नये. १०८ ला फोन करावा, निघतानाच ‘सेल गिळला आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. उलटी करवू नये, काही खायला देऊ नये. अपवाद फक्त मधाचा. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने इजेचा वेग कमी होतो; सेल दुर्बिणीने काढावाच लागतो. मध शोधण्यात वेळ मात्र घालवू नये. घरातील वापरलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. सजावटीतील सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असावा.

तिसरा प्रश्न सणानंतरचा. अंगणात टांगलेले डबे, करवंट्या, अर्ध्या कापलेल्या बाटल्या पावसाळ्यापर्यंत तशाच राहिल्या तर त्यांत पाणी साचते आणि डेंग्यूचा डास वाढतो. या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात; पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. प्लास्टिकच्या चमकीच्या माळा शेकोटीत टाकल्या तर विषारी धूर निघतो. वीजकेंद्र आणि कोळशाच्या धुळीने आधीच त्रासलेल्या चंद्रपुरात, हिवाळ्याच्या जड हवेत, तो दमेकऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या छातीत जातो. माळ पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवावी, जाळू नये.

मग वापरावे काय? या भागाला त्याची वाण नाही. बांबूच्या कमच्या, धानाची तणस, जुन्या वह्यांचे आणि वर्तमानपत्रांचे कागद, साड्यांचे काठ, शिंप्याकडच्या चिंध्या, पुठ्ठ्याची खोकी, वाळवलेल्या भोपळ्याच्या बिया. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा नव्या कागदाने मढवला की नाताळचा तारा तयार. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि गावोगावच्या बुरडांचा हात तर पिढ्यान्‌पिढ्या यात बसलेला आहे. रंगासाठी हळद, बीट पुरेसे. चिकटवायला मैद्याची खळ. कमचीची धार मात्र मोठ्यांनी घासून द्यावी. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर मणी, बिया आणि बटणे त्याच्या हाताच्या उंचीपेक्षा वर बांधावीत. झाडाच्या खालच्या फांद्यांवर फक्त कागद आणि कापड असावे.