विश्लेषण : इम्प्लांटवरची तात्पुरती कॅप किती मजबूत असते?

इम्प्लांट बसवून दोन आठवडे झालेले असतात. दुखणे थांबलेले, सूज उतरलेली आणि आरशात नवा दात अगदी खऱ्यासारखा दिसत असतो. घरात कुणीतरी चिक्कीचा तुकडा हातावर ठेवते आणि पहिल्याच घासाला ‘कट्’ असा आवाज येतो. तात्पुरती कॅप तुटल्याची किंवा निघाल्याची तक्रार दातांच्या दवाखान्यांत नेहमीची आहे. ‘एवढे पैसे मोजले आणि दात महिनाभरही टिकला नाही’ हा रुग्णाचा रागही समजण्यासारखा आहे. मात्र ही कॅप किती भार सोसण्यासाठी बनवलेली असते आणि ती तुटण्यापेक्षा मोठा धोका कोणता, हे आधीच माहीत असेल तर पुढचा मनस्ताप टळू शकतो.

इम्प्लांट आणि कॅप यांत फरक काय?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो दाताच्या मुळाचे काम करतो. त्यावर अ‍ॅबटमेंट हा जोडणारा भाग बसतो आणि सर्वांत वर दिसते ती कॅप, म्हणजेच क्राउन. टायटॅनियम आणि हाड एकमेकांशी घट्ट जुळतात, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले ते १९५० च्या दशकात, सशांच्या हाडांवर प्रयोग करताना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. या जुळण्याला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात आणि त्याला वेळ लागतो. पारंपरिक पद्धतीत खालच्या जबड्यासाठी सुमारे ३ महिने आणि हाड तुलनेने सच्छिद्र असलेल्या वरच्या जबड्यासाठी सुमारे ६ महिने थांबत. आताच्या इम्प्लांटमध्ये हा काळ अनेकदा कमी होतो, पण शून्यावर येत नाही. तात्पुरती कॅप असते ती याच मधल्या काळासाठी.

मग ती लावतातच कशाला?

पुढचा दात नसेल तर बोलणे, हसणे अवघड होते, हे उघड कारण. दुसरे कारण हिरडीचे. कॅपच्या आकाराप्रमाणे भोवतीची हिरडी हळूहळू वळण घेते आणि पुढे पक्की कॅप नैसर्गिक दिसते. शिवाय दाताचा आकार, उंची आणि उच्चार नीट जमतात का, याची चाचणीही होते. मागच्या दाढांना मात्र बऱ्याचदा तात्पुरती कॅप न लावता फक्त हिरडीच्या पातळीवर धातूचे छोटे झाकण बसवतात. ‘मला कॅप का दिली नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

तिची ताकद किती?

तात्पुरती कॅप बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा कंपोझिट प्रकारच्या प्लास्टिकची असते. एखादा पदार्थ वाकवून तोडायला किती ताण लागतो, ते मेगापास्कलमध्ये मोजतात. या प्लास्टिकसाठी तो आकडा ढोबळमानाने ६० ते १३० असतो. दवाखान्यात खुर्चीजवळच तयार केलेली कॅप यात खालच्या बाजूला, तर तयार ठोकळ्यातून संगणकाच्या साह्याने कोरलेली कॅप वरच्या बाजूला येते. पक्क्या कॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या मजबूत झिर्कोनियाचा आकडा सुमारे ९०० ते १,२०० आहे. म्हणजे फरक कित्येक पटींचा.

दुसरीकडे, निरोगी प्रौढ माणूस दाढा जोरात आवळतो तेव्हा ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किलो वजनाइतका दाब पडू शकतो. रोजचे जेवण चावताना तो बराच कमी असतो. पण ऊस सोलताना, सुपारी फोडताना, मटणाची नळी चावताना किंवा झोपेत दात खाताना तो झपाट्याने वाढतो. प्लास्टिक पाणीही शोषते, झिजते आणि हळद, चहा, तंबाखूचे डाग पटकन धरते.

खरा धोका कुठे आहे?

कॅप तुटली तर नवी बनवता येते. इम्प्लांट हलला तर प्रश्न गंभीर होतो. हाड जुळत असताना स्क्रूची हालचाल सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या भागापेक्षा जास्त झाली, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होण्याची भीती असते. तसे झाले की इम्प्लांट काढावा लागतो. त्यातही तिसरा-चौथा आठवडा नाजूक. स्क्रूची सुरुवातीची पकड तेव्हा सैल होत असते आणि नवे हाड अजून कच्चे असते.

यातली आणखी एक अडचण म्हणजे इशारा उशिरा मिळतो. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. दाब जास्त झाला की ती लगेच जाणीव करून देते. इम्प्लांटला अशी गादी नसते. म्हणूनच लगेच लावलेली कॅप अनेकदा मुद्दाम थोडी आखूड ठेवतात, जेणेकरून समोरचा दात तिला टेकू नये. ‘माझा दात नीट टेकत नाही’ असे वाटले तर ती चूकच असेल असे नाही. डॉक्टरांना विचारा.

किती दिवस टिकते?

खुर्चीजवळ बनवलेली कॅप साधारण काही आठवडे ते दोन-तीन महिने, तर प्रयोगशाळेत कोरलेली कॅप सहा महिने किंवा त्याहून अधिक चालू शकते. दात खाण्याची सवय, जोडून केलेला लांब ब्रिज, पातळ भिंती आणि सैल झालेला स्क्रू यामुळे हा काळ घटतो. कॅप तात्पुरत्या सिमेंटने चिकटवली असेल तर ती निघण्याची शक्यता राहते. पुढे सहज काढता यावी म्हणूनच ते सिमेंट हलके असते.

तुटली किंवा निघाली तर?

- कॅप डबीत जपून ठेवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.
- झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती घरी बसवू नका. कॅप वाकडी बसते आणि गोंद हिरडीला लागतो.
- फक्त कॅप हलत असेल तर बहुधा स्क्रू किंवा सिमेंट सैल झालेले असते. मुळापासून हलल्यासारखे वाटत असेल, दुखत असेल किंवा पू येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- त्या बाजूने चावणे टाळा. भाकरी दूध-आमटीत कुस्करून, भात, उपमा, मऊ भाज्या चालतात.
- मऊ ब्रशने सफाई सुरू ठेवा. तंबाखू, धूम्रपान बंद आणि मधुमेह आटोक्यात हवा.

‘चालतेय ना’ म्हणून थांबू नका

काही जण बरोबर उलटी चूक करतात. तात्पुरती कॅप छान दिसते, दुखत नाही आणि पक्क्या कॅपचे पैसे बाकी असतात. मग भेट पुढे ढकलली जाते. दरम्यान प्लास्टिक झिजते, समोरचा दात रिकाम्या जागेकडे सरकतो, फटीत अन्न अडकून हिरडी सुजते आणि इम्प्लांटभोवतीचे हाड झिजण्याचा धोका वाढतो. भक्कम बसलेला इम्प्लांट अशा दिरंगाईने गमावणे सर्वांत महाग पडते.

म्हणून पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचारून घ्या : पक्क्या कॅपची अंदाजे तारीख, खर्चात ती धरली आहे का, तात्पुरती कॅप तुटल्यास दुरुस्तीचे पैसे वेगळे का आणि इम्प्लांटची कंपनी व माप लिहिलेले कार्ड किंवा स्टिकर मिळेल का. गाव बदलले, डॉक्टर बदलले तरी पुढे योग्य तोच सुटा भाग शोधायला हे कार्ड उपयोगी पडते.